वाचकांचे प्रश्न : "नुसती वाफ आहे ओ पप्पा"

प्रश्न : माझं बेळगावात उद्यमबागेत टूल ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा बेंगळूरला इंजिनिअरिंगला, सुट्टीला आला तेव्हा हिनं पँट धुवायला काढली तर खिशात पेनड्राइव्हसारखं काहीतरी, त्याला आंब्याचा वास, विचारलं तर म्हणे नुसती वाफ आहे ओ पप्पा, सिगरेट नव्हे. मी ते दुकानात नेऊन खोललं, आत कापूस आणि स्प्रिंगसारखी बारीक तार, काळी पडलेली. सहा महिने ओढतोय म्हणतो, सकाळी उठला की खोकतो. आमच्याकडं एक जुना कामगार होता, त्याला कार्बाइडच्या धुळीनं दम लागायचा, म्हणून डोक्यात किडा वळवळतोय की त्या तारेचं मेटल पोरगा आत ओढतोय का?

उत्तर : ओढतोय. खोलून बघितलंत ते बरं केलंत, निम्मं उत्तर तुम्हीच काढलंय.

वाफ म्हणजे इडलीच्या भांड्यातली. हे आहे वेप, म्हणजे ई-सिगरेट, ह्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाचं केमिकल, त्याचे बारीक बारीक थेंब असतात. ती तार बहुतेक निकेल-क्रोमची, नाहीतर लोखंड-क्रोम-अ‍ॅल्युमिनियमची, हीटरची कॉइल असते तसलीच. दर झुरक्याला तापते, गार होते, परत तापते, वर सतत लिक्विडमध्ये भिजलेली, मग तिचं मेटल सुटणारच, आता तुम्हीच मेटलमधले, तुम्हाला काय सांगायचं. शिवाय जोडाला सोल्डर मारलेलं असतं, त्यातनं शिसं आणि कथील. 2018 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी रोज वेप ओढणाऱ्या 56 जणांची यंत्रं तपासली, तर भरायच्या बाटलीतल्या लिक्विडात धातू फारसे नव्हते, पण कॉइलला लागून आलेल्या लिक्विडात आणि धुरात शिसं, निकेल, क्रोमियम, मँगनीज वाढलेलं. म्हणजे माल बाटलीतनं नाही, तारेतनंच येतोय.

आणि त्या कामगाराची आठवण तुम्हाला बरोबर जागेवर आली बघा. कापायच्या टूलची कार्बाइडची टिप म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टनं बांधलेली, आणि फुफ्फुसाला खरा त्रास त्या कोबाल्टचा. त्या आजाराला हार्ड मेटल लंग म्हणतात, मायक्रोस्कोपखाली मोठ्या मोठ्या पेशी दिसतात, शेजारच्या पेशी गिळून बसलेल्या. 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांना एका बाईच्या फुफ्फुसात असंच दिसलं. तिचा असल्या धुळीशी कामाचा काही संबंध नव्हता, पण गांजाचं वेप पेन ओढायची, त्या पेनच्या धुरात कोबाल्ट सापडलं. आता ही केस एकच आहे, त्यावरून तुमच्या पोराला तेच झालंय असं कुणी म्हणू नये, मी पण म्हणत नाही.

त्याच वर्षी तिकडं वेपमुळं माणसं भराभर ॲडमिट व्हायला लागली, फेब्रुवारी 2020 पर्यंतचा आकडा 2807, त्यात 68 मृत्यू. ती गोष्ट मात्र मेटलची नव्हती, दोन्हीची सरमिसळ करू नका. बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेलं वेप ओढलेलं आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं, तपासलेल्या 51 पैकी 48 जणांच्या फुफ्फुसात पाणी सोडून परत काढलेल्या धुवणात ते निघालं. पोरं म्हणतात आमच्यात तसलं काही नसतं, पण चोरून विकलेल्या मालात काय असतं ते विकणाऱ्याला तरी कुठं ठाऊक.

त्या पेशंटांतल्या पुष्कळांना खोकला, दमाबरोबर उलट्या, जुलाब, ताप असायचा, त्यामुळं पोट बिघडलंय असं वाटायचं. म्हणून छातीच्या डॉक्टरकडं घेऊन जा आणि आत त्याला एकट्याला सोडा, आईबाप शेजारी बसले की कुठलं पोरगं खरं सांगतंय. ऑक्सिमीटर, एक्सरे, लागलंच तर सीटी. दम लागत असेल किंवा ऑक्सिजन कमी दाखवत असेल तर सुट्टी संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी चला.

आता तुमचं. पोराचं विचारलंत, स्वतःचं एक अक्षर नाही. टिप ड्राय घासता का कूलंटवर, म्हणजे थंड ठेवणारं पाणी सोडून? कूलंट असलं म्हणजे सुटलो असं समजू नका, कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतं आणि उडणाऱ्या तुषारांबरोबर नाकात जातं. तोंडाला रुमाल बांधून ह्यात काही होत नाही, ग्राइंडिंग व्हीलपाशी धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजे आणि कूलंट वेळच्या वेळी बदलायला पाहिजे. तुमचा खोकला रविवारी, सणाच्या सुट्टीत कमी होतो का बघा. होत असेल तर पोराच्या शेजारी तुमचा पण नंबर लावा.

प्रश्न : वीस वर्षं बिडी ओढतोय. भाचा म्हणतो मामा वेप घ्या, बिडी आपोआप सुटते. खरं काय? (निपाणी)

उत्तर : भाच्याला सांगा, कर्नाटकात 2016 पासून आणि देशभर 2019 पासून ह्याची विक्री बंद आहे, विकताना पहिल्यांदा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड. आणि बऱ्याच जणांचं होतं असं की वेपही चालू, बिडीही चालू. सोडायचीच असेल तर निकोटिनचं च्युइंगम आणि पॅच मिळतात, डॉक्टरला विचारून घ्या. 1800-112-356 वर फोन करा, फुकट आहे. निपाणीत तंबाखूच्या वासातच दिवस जातो, तिथं हे अवघड आहे हे मला कळतंय.

प्रश्न : फौंड्रीत नॉकआउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायला, काम करतो. धूळ लई. मालक रोज गुळाचा खडा देतात, त्यानं छाती साफ होते म्हणतात. होते का? (मच्छे)

उत्तर : नाही हो. गूळ जातो पोटात, वाळूची धूळ जाते फुफ्फुसात, घशाखाली दोघांचा रस्ता वेगळा. फुफ्फुसात बसलेली सिलिका, म्हणजे ह्या वाळूची बारीक पूड, कशानंच धुऊन निघत नाही. मालकांकडं एन 95 मास्क आणि पाणी मारून धूळ बसवायची सोय मागा. गूळ देतात तो घ्या, चहात घाला.