जुन्या मर्सिडीजच्या ब्रेक कॅलिपरचे पिन, स्प्रिंग आणि रबर किट नेमके कुठले लागतात, हे कसं ओळखायचं?

तुमची गाडी 1981ची 240डी. पुढच्या ब्रेक पॅडचे दोन सेट मागवलेत. पहिला बसलाच नाही, दुसरा बसला पण खड्ड्यात खडखडतो, आणि मिस्त्री म्हणतोय कॅलिपरच, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्हीकडून पॅडने चिमटीत धरणारा भागच, बदलून टाका. आत्ताच बदलू नका. माझ्याकडे याच पिढीची, म्हणजे डब्ल्यू 123, गाडी बरीच वर्षं आहे आणि तुम्ही केलीत तीच चूक मीही केली होती: मॉडेल आणि साल सांगून माल मागवला.

ही गाडी 1976 ते 1986 अशी दहा वर्षं बनली, 27 लाखांच्या आसपास. कॅलिपर बाहेरून यायचे. काही गाड्यांना एटीईचे, म्हणजे फ्रँकफुर्टच्या आल्फ्रेड टेव्हेसचे, तर काहींना बेंडिक्सचे. एकाच मॉडेलला, एकाच साली, दोन्ही. पॅडचा आकार वेगळा, त्यामुळे एकाचा पॅड दुसऱ्यात जात नाही. तुमचा पहिला सेट बहुधा इथेच अडला. त्यात चाळीस वर्षांत कुणी काय बदललंय देव जाणे. म्हणून चारही चाकं काढा आणि प्रत्येक कॅलिपर वेगळा वाचा. पुढे एक कंपनी, मागे दुसरी, असंही असतं.

वाचायचं म्हणजे अक्षरशः वाचायचं. तारेच्या ब्रशने काळा थर खरवडा, ओतीव लोखंडावर कंपनीचं नाव उठावात सापडतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, समोरून धरलात तर काही दिसणार नाही. मग पॅड काढून, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजा. पुढच्या एटीईत 57 आणि 60 मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत आणि रबर किट (पिस्टनचं सील आणि बूट) त्या आकड्यावर ठरतं, गाडीच्या सालावर नाही. शेवटी बघा की हवा काढायचं निप्पल वरच्या अंगाला आहे ना. खाली असेल तर कुणीतरी डावा-उजवा अदलाबदल केलाय. मग कितीही पंपिंग करा, वर अडकलेली हवा निघत नाही.

आता खडखड. तुमचे कॅलिपर एटीईचे निघाले असं धरून सांगतो. दोन आडवे पिन असतात आणि त्यांच्यामध्ये फुलीसारखी पत्र्याची स्प्रिंग. ही स्प्रिंग पॅडना दाबून धरते. ती मऊ पडली, किंवा मागच्या वेळी कुणी "एवढीशी पट्टी, काय करायचीय" म्हणून फेकून दिली, की पॅड वाजतात. पिन काढल्यावर त्यावरून नख फिरवा. पॅडची पाठ जिथे टेकते तिथे खाच लागली तर पिन टाका. त्या खाचेत पॅड अडकतो, मागे सरकत नाही आणि एकीकडूनच झिजतो. दोन पिन आणि फुली अशी पुडी तयार मिळते. ती स्वस्त आहे, तिथे काटकसर नको. पिनच्या एका टोकाला चिरलेली, फुगीर स्प्रिंगची नळी असते. पंच (ठोकायची बोथट सळई) ठेवायचा तो त्याच्या उलट्या टोकावर. चुकीच्या बाजूने ठोकलंत तर पिन जाम होऊन बसतो आणि मग दिवसभर शिव्या.

पॅड बाहेर आले की पिस्टनभोवतीचं रबरी बूट बघा. फाटलं नसेल आणि लाकडी ठोकळा लावून सी-क्लॅम्पने पिस्टन सहज आत जात असेल, तर कॅलिपर खोलू नका. (आधी वरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल पिचकारीने काढा, नाहीतर ते उतू जाऊन रंग खातं.) अडत असेल तरच किट.

इथे माझी गोष्ट सांगतो. मी किट मागवून एका गॅरेजला दिलं. त्यांनी प्रेमाने सगळं पेट्रोलमध्ये धुतलं, नेहमीचं ग्रीस चोपडलं आणि बसवलं. आठवड्याभरात खंबाटकी उतरताना जळका वास. उतरून बघतो तर डावं पुढचं चाक हात लावू देईना. सील फुगून पिस्टन धरून बसलं होतं. दोष त्या "ब्रेक ऑइल" या नावाचाही आहे. त्यात ऑइल नसतंच, ग्लायकॉल असतं, आणि आतलं रबर त्यालाच सोसणारं. पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस या रबराला चालत नाही. धुवायला आयसोप्रोपिल किंवा ताजं ब्रेक ऑइलच, आणि सील बसवताना त्याच ऑइलचं बोट.

पिस्टन काढताना समोरासमोरच्या दोन पिस्टनच्या मध्ये फळी ठेवा आणि ब्रेकची होज (रबरी नळी) जोडायच्या भोकातून हवा अगदी हळू सोडा. बोटं लांब. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पिस्टन गोळीसारखा सुटतो. कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट मात्र खोलू नका; त्यांच्यामध्ये ऑइलची वाट आहे.

फियाट-अँबेसेडरवर हात बसलेले मिस्त्री लगेच पिस्टनच्या भोकात बोट घालून आतला पृष्ठभाग तपासतात. ड्रमच्या सिलिंडरला ते बरोबर आहे, कारण तिथे रबर पिस्टनबरोबर सरकतं. या कॅलिपरमध्ये उलटं आहे. चौकोनी सील भोकातल्या खाचेत बसून राहतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. पेडल सोडलं की तेच मुरडलेलं सील पिस्टनला मागे ओढतं. म्हणून जपायचा तो पिस्टनचा क्रोम. त्यावर गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश पेपर मारू नका, पिस्टनच नवा घ्या.

एटीईचा पिस्टन गोल असला तरी कसाही बसवायचा नाही. तोंडाशी त्याला एक पायरी कापलेली असते. तो कापलेला भाग डिस्क ज्या बाजूने आत शिरते त्या बाजूला, 20 अंशांच्या कोनात यायला हवा, नाहीतर ब्रेक किंचाळतात. मी बिस्किटाच्या पुठ्ठ्याचा कोन कापून ठेवलाय, तेवढा पुरतो.

माल म्हणाल तर नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना कॅलिपर सापडेल. रबर मात्र जुन्या साठ्यातलं घेऊ नका, ते पडून पडून कडक होतं. आणि ऑइल डॉट 4, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं, उघडा डबा पावसाळाभर ठेवलेला असेल तर फेकून द्या.

सगळं बसवून हवा काढली की गाडी जागची हलवण्याआधी पेडल आठ-दहा वेळा सावकाश दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं दाबणं थेट तळाला जातं. आमच्या सोसायटीचा उतार आणि फाटक यांमध्ये फार अंतर नाही. फाटकाच्या खालच्या पट्टीला पोचा अजून आहे.