भागीदारीत उतरण्यापूर्वी

मित्राबरोबर धंदा सुरू करत आहात, हे उत्तमच. मात्र आधी दायित्व समजून घ्या. १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार फर्मच्या देण्याला सर्व भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात, म्हणजे मित्राने धंद्यासाठी उधारीवर उचललेल्या मालाची पूर्ण रक्कम व्यापारी एकट्या तुमच्याकडून, प्रसंगी तुमच्या खासगी मालमत्तेवर टाच आणूनही, वसूल करू शकतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- भागीदारीपत्र नोटरी केले की नोंदणी झाली, असे मानणे. नोंदणी फर्म निबंधकांकडेच होते आणि ती नसेल, तर कलम ६९ मुळे फर्मला थकबाकीदार गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा सहसा लावता येत नाही. हे काम पहिल्याच महिन्यात उरका.
- साहेबांच्या तोंडी शब्दावर सरकारी काम सुरू करणे. लेखी कार्यादेश घ्याच.

एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) की कंपनी, हा विचार तूर्त बाजूला ठेवा.