मनाचं दुखणं डॉक्टरांना कसं सांगायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई विडी कामगार आहे, वय ५२. सहा-सात महिने झाले, 'जीव घाबरा होतो, डोकं भणभणतं, अंगाची आग होते' म्हणते. ईसीजी, शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता पुढं काय आणि कसं सांगायचं?
– एक वाचक, विडी घरकुल

ईसीजी काढला हे बरंच केलं. थायरॉईड वाढला किंवा रक्त कमी झालं तरी धडधडतं, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन राहिलं असेल तर तेही करून घ्या. त्यातही काही निघालं नाही, तर त्रास खोटा ठरत नाही. उदासीनता आणि चिंतेचे आजार पुष्कळदा अंगदुखी, आग, धडधड, मुंग्या असेच पुढं येतात.

आईचे शब्द बदलू नका. 'जीव घाबरा होतो' हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, पण तिथं थांबू नका. कुणी छातीच्या धडधडीला असं म्हणतं, कुणी श्वास अडकण्याला, कुणी चक्करेला, कुणी नुसत्या भीतीला. कधीपासून, किती वेळा, किती वेळ टिकतं आणि त्यापायी कोणतं काम अडलं, हे त्याला जोडा. साधारण असं :

"फेब्रुवारीपासून त्रास आहे. आठवड्यातून तीन-चारदा, बहुतेक संध्याकाळी, एकाएकी छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरते की काय असं वाटतं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आधी दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता सहाशेवर हात थांबतो. मेडिकलमधून झोपेची गोळी आणते, मिश्री वाढली आहे."

एवढं बोलायला अर्धा मिनिट पुरतो. एकाएकी येऊन काही मिनिटांत ओसरणारी भीती पॅनिक अटॅककडे बोट दाखवते. महिनोन्‌महिने, बहुतेक दिवस मागं लागलेली काळजी म्हणजे वेगळा आजार. दोन आठवडे किंवा जास्त दिवस कशातच मन नाही आणि पहाटे जाग, तर डॉक्टर नैराश्याच्या अंगानं विचारतील. हजाराच्या सहाशे विड्या हा आकडा 'खूप अशक्तपणा आहे' या वाक्यापेक्षा कितीतरी कामाचा. झोपेच्या गोळीचं मात्र लपवू नका. ती रोज घेऊन अचानक बंद केली, तर घाबरणं उलट वाढतं.

'टेन्शन आहे' एवढंच सांगू नका. बँकेच्या हप्त्यालाही आपण टेन्शनच म्हणतो, त्यावर डॉक्टर तरी काय लिहून देणार?

काही ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. दर प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करतात. गडबड होते ती उत्तरात. कागदाला दिवस हवे असतात आणि आपली माणसं 'होतं की अधूनमधून' म्हणून मोकळी होतात. म्हणून आईला विचारा, "१४ दिवसांतले किती दिवस असं झालं?" आणि मन लागत नाही का, असं विचारण्यापेक्षा शेजारणींत बसणं, टीव्ही, गड्ड्याची यात्रा यांतलं काय आवडेनासं झालं ते विचारा.

हे सगळं चिठ्ठीवर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर आई हमखास म्हणणार, 'आता बरं आहे.'

प्रश्न : सासूबाई तेलुगू बोलतात, मराठी कामापुरती. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात माझी दहावीतली मुलगी त्यांच्यासोबत जाते आणि मराठीत सांगते. चालेल ना?
– साखर पेठ

मुलीला नेऊ नका. जगणं नको झालंय, हे नातीसमोर कुठली आजी बोलेल? शिवाय लहान माणूस मजकूर आखडतं. आजी पाच मिनिटं बोलते आणि डॉक्टरांपर्यंत पोचतं, "आजीला करमत नाही."

घरातलं मोठं माणूस न्या, पण ज्याच्याशी त्यांचं बिनसलंय ते नको. घरातल्याच भांडणाचा त्रास असेल तर बाहेरचं माणूस बरं. सोलापुरात तेलुगू बोलणारी परिचारिका किंवा कर्मचारी मिळणं अवघड नाही; केसपेपर काढतानाच विचारा.

सांगणाऱ्यानं एकेक वाक्य सांगावं, आणि तेही 'मी'नं : "मला झोप येत नाही", "त्या म्हणतात की" नको. बेंग (हुरहुर, काळजी), दिगुलु (उदासी) असे तेलुगू शब्द आले तर ते आधी तसेच म्हणावेत, मग अर्थ सांगावा. तेलुगूत गुंडे म्हणजे काळीज. 'गुंडे दड' म्हणजे छातीतली धडधड, तिथं कुणी गुंडाची भीती शोधत बसायला नको! डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर परस्पर देऊ नये. सगळ्यात मोठी चूक म्हणजे विस्कळीत बोलणं नीटनेटकं करून सांगणं. वाक्याला वाक्य लागत नसेल तर "हे जुळत नाहीये" असंच सांगा. बोलणं न जुळणं हेही एक लक्षण असतं, ते तुम्ही पुसून टाकता.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी आला तो खोलीतच असतो. विचारलं की 'काही नाही'. थेट विचारलं तर नको ते डोक्यात येईल का?
– जुळे सोलापूर

'काय झालंय?' याला 'काही नाही' हेच उत्तर येतं. जे दिसलं ते सांगा : "आठ दिवस झाले, तू जेवण अर्धं टाकतोस, क्रिकेटला गेला नाहीस. काय चाललंय?" मग गप्प बसा. समोरासमोर नजर नको होते. गाडीवरून जाताना, तलावाकाठी चालताना मुलं जास्त बोलतात. 'तुला काय कमी आहे?' आणि 'आमच्या वेळी' या दोन वाक्यांनी दार बंद होतं. 'सगळं ठीक होईल' हेही लवकर म्हणू नका, ऐकून संपल्यासारखं वाटतं.

थेट विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असंच विचारा. 'वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?' या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं आहे. 'हो' म्हणाला तर ओरडू नका, रडू नका. काही ठरवलंय का, कधी, हे विचारा. एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं घरातून हलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२ किंवा थेट रुग्णालय.

प्रश्न : नणंदेला आवाज ऐकू येतात. घरचे म्हणतात करणी आहे. काय बोलायचं?
– अक्कलकोट रोड

करणी की आजार, यावर घरात वाद घालू नका. त्यात महिने जातात. सिद्धेश्वराचं दर्शन घ्या आणि गोळ्याही घ्या, एवढ्यावर सगळे बहुधा तयार होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली, साखळीनं बांधलं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळदंडात ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही मनाई आहे.

नणंदेला 'असं काही नसतं' म्हणू नका, हो ला हो पण करू नका. "मला आवाज येत नाही, पण तुला येतो आणि भीती वाटते, हे कळतंय" एवढं बोला. आवाज काय म्हणतो ते तिच्याच शब्दांत लिहून डॉक्टरांकडे न्या. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असा हुकूम आवाज देत असेल, तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी न्या.