बाळाच्या मेंदूत पेशी एकमेकींना जोडल्या कशा जातात?

'जोडणं' म्हणजे चिकटणं नव्हे. दोन चेतापेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट राहतेच. त्या फटीसकट त्या जागेला सिनॅप्स म्हणतात.

पेशीतून निघालेल्या लांब तंतूच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, ग्रोथ कोन. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. अंधारात भिंत चाचपत जावं तसा हा पंजा बोटं लांबवत, आखडत सरकतो. वाटेतली काही रसायनं त्याला ओढतात, काही मागे लोटतात. जोडीदार सापडला की इकडचं न्यूरेक्सिन आणि पलीकडचं न्यूरोलिगिन ही प्रथिनं फटीवरून हात धरतात. मग अलीकडे रसायनाच्या बारीक पिशव्या जमतात, पलीकडे ते रसायन टिपणारे ग्राही.

खरी गंमत पुढे आहे. हे सांधे, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतात! आमच्या चोपड्याकडे कापूस टोचताना एका जागी दोन बिया टाकतात. उगवल्या की जोमाचं रोप ठेवून दुसरं उपटायचं. मेंदूतही अशीच विरळणी होते, फक्त तिथे निवड करणारा शेतकरी नसतो. जो सांधा वापरात राहतो तो पक्का होतो, बाकीचे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी गिळून टाकतात. दृष्टीच्या भागात सांध्यांची गर्दी पहिल्या वर्षाच्या आसपास शिगेला पोचते. कपाळामागच्या भागात मात्र छाटणी विशीतही चालूच असते.

तुम्ही विचारलंय, आजी बाळाशी अहिराणीत बोलते, चालेल का? बोलू द्या की. सांधे वापरात राहायला तेच तर लागतं.