आजींना हॉस्पिटलमधून शुश्रूषा केंद्रात हलवताना डिस्चार्ज कार्ड पुरेसं असतं का?

तुम्ही विचारलंय की आजी ८४ वर्षांच्या आहेत, खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी न जाता थेट शुश्रूषा केंद्रात जाणार आहेत. हॉस्पिटल म्हणतं, ‘कार्डात सगळं लिहिलंय’. केंद्राची सिस्टर मात्र फोनवर प्रश्नांमागून प्रश्न विचारतेय. कोणाचं ऐकायचं, आणि इतकी खासगी माहिती देणं बरोबर आहे का?

सिस्टरचं ऐका. मी रुग्ण ताब्यात घेणाऱ्या बाजूला काम करते आणि ‘कार्डात सगळं आहे’ हे मला कधीच पटलेलं नाही. कार्डात काय झालं ते असतं. ताब्यात घेणाऱ्याला कळायला हवं असतं की आज रात्री काय द्यायचं, काय द्यायचं नाही आणि काही बिघडलं तर कोणाला उठवायचं.

एकच वस्तू घेते, म्हणजे मुद्दा कळेल. दुखणं कमी करणारा फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी. फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं जोरदार औषध, जास्त झालं तर श्वास मंदावतो. तो ऑपरेशननंतरच्या ताज्या दुखण्यासाठी नसतो, पण जुन्या दुखण्यासाठी आधीपासून चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशनच्या काळातही बरेचदा लावलेला असतो. कार्डावर लिहिलेलं असतं, ‘फेंटानिल पॅच २५’. बस. २५ म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. पॅच साधारण ७२ तासांनी बदलतात. तो बहुतेकदा पारदर्शक असतो आणि दंडावर नाहीतर पाठीच्या वरच्या भागावर चिकटवलेला असतो, कपड्याखाली. संध्याकाळी आजी पोहोचतात, ड्यूटीवरची सिस्टर कार्ड वाचते, छातीवर, हातावर पाहते, काही दिसत नाही, म्हणून नवा लावते. जुना खांद्याच्या मागे तसाच. दुप्पट डोस झाला, पण लगेच काही दिसत नाही, कारण औषध कातडीतून हळूहळू रक्तात चढतं, १२ ते २४ तास घेतं. दुसऱ्या दिवशी आजी झोपाळलेल्या, जेवायला उठत नाहीत. सगळे म्हणतात, प्रवासाने थकल्या. श्वास मिनिटाला १६ वरून ८ वर आलेला कोणी मोजलेला नसतो. ताप असेल किंवा कोणी पाठ शेकायला गरम पिशवी दिली असेल, तर औषध आणखी वेगाने आत जातं. आणि लक्षात आल्यावर दोन्ही पॅच काढले तरी धोका संपत नाही. औषध कातडीत साठलेलं असतं, रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून पुढचे २४ तास तरी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

उलटही होतं. पॅच स्ट्रेचरच्या चादरीला चिकटून निघून जातो, कोणालाच माहीत नसतं. रात्री आजी कण्हतात, चादर ओढतात, आरडाओरडा करतात. ‘डिमेन्शिया आहे’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते. दुखणं तसंच.

हे टाळायला एवढीच ओळ पुरते: ‘फेंटानिल पॅच २५, उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला, मंगळवारी सकाळी ९ ला लावला, पुढचा शुक्रवारी सकाळी ९ ला, जुना सापडून काढल्यावरच.’ हॉस्पिटलमधून निघताना आणि केंद्रात पोहोचल्यावर, दोन्ही वेळा कपडे बाजूला करून पॅच डोळ्यांनी पाहायचा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं.

बाकीच्या औषधांचंही हेच. यादी नुसती नको, तीन भागांत हवी: आधीची चालू ठेवलेली, डोस बदललेली किंवा नव्याने सुरू केलेली, आणि बंद केलेली. प्रत्येक बदलापुढे कारण. यातला ‘बंद केलेली’ हा भाग कार्डावर जवळपास कधीच नसतो आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. रक्तातलं सोडियम उतरलं म्हणून लघवीची गोळी बंद केलेली असते, घरचे प्रेमाने जुना औषधांचा डबा केंद्रात आणून देतात, गोळी परत सुरू. पाच-सहा दिवसांत आजी असंबद्ध बोलायला लागतात, तोल जाऊन पडतात. कंपनीचं नाव आणि औषधाचं मूळ नाव, दोन्ही लिहून घ्या. नाहीतर मेटोप्रोलॉल हे रक्तदाबाचं औषध दोन वेगळ्या नावांनी दोनदा पोटात जातं आणि नाडी ४० वर येते. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच असेल तर वार अक्षरात लिहिलेला हवा. रोज दिलं गेलं तर माणूस जाऊ शकतो. रक्त पातळ ठेवण्याच्या इंजेक्शनला शेवटची तारीख हवी, ‘चालू ठेवा’ नको. वॉर्डात रात्री भ्रम झाला म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन सुरू केलं असेल, तर ते कधी थांबवायचं हे लिहून घेतल्याशिवाय निघू नका, नाहीतर ते वर्षभर चालतं. प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला तेही हवं, विशेषतः इन्सुलिनचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या सुरक्षिततेची मोहीम सुरू केली, त्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचा टप्पा वेगळा काढून ठेवलाय, तो उगाच नाही.

दुसरी गोष्ट तुम्हीच सांगू शकता, हॉस्पिटल नाही: पडण्याच्या दोन आठवडे आधी आजी कशा होत्या. स्वतः बाथरूमला जायच्या का, हिशेब ठेवायच्या का, नातवंडांची नावं आठवायची का. हे नसेल तर आत्ताचा गोंधळ ‘नेहमीचाच’ धरला जातो आणि त्यामागचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता कोणी शोधत नाही. रॉकवूडच्या १ ते ९ च्या मोजपट्टीवर दुर्बलतेचा आकडा देतात, तोही आजारापूर्वीचा आहे की आजचा हे लिहिलं नसेल तर फसवतो.

‘मऊ आहार’ हेही असंच. पातळ पाणी ठसक्याशिवाय गिळता येतं की घट्ट करून द्यायचं, किती घट्ट, बसवून की कसं, हे हवं. लघवीची नळी असेल तर कधी घातली, कशासाठी, कधी काढायची. माकडहाड आणि दोन्ही टाचा निघण्याआधी पाहून जखम असेल तर सेंटीमीटरमध्ये. लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) पाठवलं असेल तर त्याचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, तेव्हा आजी तिथे नसतात. तो कोण पाहणार आणि कोणाला कळवणार, नाव आणि नंबर. कवळी, चष्मा, कानाचं यंत्र उशीखाली राहतं. यंत्राशिवाय ऐकू न येणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी भ्रमिष्ट ठरवतात.

आणि फोन. वॉर्डच्या सिस्टरने केंद्राच्या सिस्टरला, गाडी निघण्याआधी, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. यावर माझा जुना वाद आहे. समोरचे म्हणतात फोनचा पुरावा राहत नाही, कागद राहतो. बरोबर आहे, पण कागदाला प्रश्न विचारता येत नाही. ‘पॅच कुठे आहे?’ हे विचारलं की वॉर्डातली सिस्टर उठून पाहून येते, तेव्हाच कळतं की तो दंडावर नाही, पाठीवर आहे. फोन झाला की त्याची वेळ आणि बोलणारीचं नाव कागदावर लिहा, पुरावाही राहतो. शुक्रवारी संध्याकाळी हलवू देऊ नका. हलवावंच लागलं तर निदान तीन दिवसांची औषधं बरोबर हवीत.

खासगीपणाचं राहिलंच. उपचार आणि देखभाल करणाऱ्यांना त्या कामाला लागेल तेवढं सगळं, बाकी कोणाला काही नाही. रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर नकोत. पूर्ण फाइलच्या शंभर पानांचा नुसता गठ्ठाही देऊ नका, त्यात कामाची ओळ कोणाला सापडत नाही. दोन पानं वर, फाइल खाली. आजींना समजत असेल तर आधी त्यांनाच विचारा, काय सांगायचं आणि काय नाही. हृदय थांबल्यास छाती दाबायची की नाही, असा काही निर्णय त्यांनी घेतला असेल तर त्याचा सही असलेला मूळ कागद त्यांच्याबरोबर गेला पाहिजे, झेरॉक्स हॉस्पिटलकडे ठेवा. आणि वर लिहिलेले डोस, वेळा उदाहरणादाखल आहेत, तुमच्या आजींचे त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या.