छोट्या विमानाच्या पायलटनं लँडिंग लाइट नेमका कधी लावावा?

तुमचा प्रश्न असा आहे: एक इन्स्ट्रक्टर भर दुपारीही लँडिंग लाइट, म्हणजे विमानाचा पुढचा प्रखर दिवा, लावायला सांगतात, दुसरे म्हणतात फायनलला, म्हणजे उतरण्याआधी रनवेच्या सरळ रेषेत, आल्यावर लाव, उगाच बल्ब जाळू नकोस. हिवाळ्यात नाशिकजवळच्या ओझर विमानतळाकडे तुमची क्रॉस कंट्री, म्हणजे लांबची सराव फेरी, आहे, तर ऐकायचं कुणाचं?

मी निफाड तालुक्यातला, उडायला सेसना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकलो. मी ठामपणे पहिल्या इन्स्ट्रक्टरांच्या बाजूचा आहे. रनवे उजळायला हा दिवा लागतो तो रात्री, तोही शेवटच्या काही क्षणांत. बाकी सगळा वेळ तो आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून लावायचा.

जरा हिशेब करून बघा. दोन सेसना 100 नॉट्सनं समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला साधारण 100 मीटरनं घटतं. 172 चे पंख टोकापासून टोकापर्यंत 11 मीटर. तीन किलोमीटरवरून ते पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचेही दिसत नाहीत, आणि समोरून बघताना ती नुसती एक बारीक रेघ असते. तेव्हा हातात उरलेला असतो अर्धा मिनिट. त्यातून धडकेच्या मार्गावर असलेलं विमान काचेवर इकडेतिकडे सरकत नाही. बसलेल्या चिलटासारखं ते एकाच जागी राहतं आणि एकदम मोठं होतं. नजर हालचाल टिपते, स्थिर ठिपका तिच्यातून सहज निसटतो. लखलखता दिवा मात्र निसटत नाही.

अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) याबाबतचा सल्ला मला पटतो: टेकऑफच्या वेळी आणि 10,000 फुटांखाली दिवसा-रात्री दिवा लावा. विमानतळापासून 10 मैलांच्या आत, दृश्यमानता कमी असताना आणि पक्ष्यांचे थवे असतील तिथे तर आवर्जून लावा. ही सक्ती नाही, पण छोटी विमानं जवळजवळ सगळा वेळ 10,000 फुटांखालीच असतात, म्हणजे हा सल्ला खरा आपल्यासाठीच आहे. टेकऑफ क्लिअरन्स, म्हणजे टॉवरची उड्डाणाची परवानगी, मिळाला की दिवा लावायचा आणि सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, तो चालूच ठेवायचा. रनवे ओलांडतानाही बाहेरचे सगळे दिवे चालू हवेत.

बल्बची काळजी जुन्या विमानांपुरती खरी होती. सीलबंद तारेचा तो बल्ब पंचवीसेक तासांचाच धरलेला असायचा, त्यात इंजिनाची थरथर. तुमच्या विमानात एलईडी असेल तर हा मुद्दाच उरत नाही. जुना बल्ब असेल तर मोकळ्या आकाशात क्रूझला, म्हणजे मधल्या सरळ प्रवासात, बंद ठेवा, हरकत नाही. सर्किटमध्ये मात्र बल्ब वाचवायचा विचारही नको.

आता ओझरचं. तिथे एचएएल या सरकारी विमान कारखान्याची सुखोई लढाऊ विमानं उडतात, प्रवासी विमानं उतरतात, आणि इकडे नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर्स. प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यामुळे तुम्ही जितक्या लांबून दिसाल तितकं बरं. हिवाळ्यात निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. सकाळच्या थंड हवेत तो धूर वर न जाता थर धरून पसरतो, त्यात गोदाकाठचं धुकं. वरून खाली बघताना सगळं स्वच्छ वाटतं. त्या थरात उतरलात की समोरचं दिसेनासं होतं. तिथे दिवा हवाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रेडिओवर आपली जागा आणि उंची नीट सांगा, मान फिरती ठेवा.

नांदूरमध्यमेश्वर ओझरपासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे सेसनाला आठ मिनिटं. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे बदकं आणि करकोचे मोठ्या संख्येनं असतात. दिवा बघून पक्षी बाजूला होतीलच असं धरून चालू नका. त्या पाण्यावरून खाली उडूच नका, माझी ही कळकळीची विनंती आहे.

बंद कधी करायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. रात्री दाट धुक्यात किंवा ढगात उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पार्किंगला मार्शलर, म्हणजे हातानं खुणा करून विमान लावून घेणारा माणूस, समोर असेल किंवा होल्डिंग पॉइंटला, म्हणजे रनवेआधी थांबायच्या जागी, दुसरं विमान तुमच्याकडे तोंड करून असेल, तर लगेच बंद करा. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. तुमच्या एका झोतानं समोरच्याची ती सगळी तयारी वाया जाते. विमानात वीज तयार करणारा अल्टरनेटर गेला तर आधी हाच दिवा बंद करा. 28 व्होल्टवर 250 वॉटचा बल्ब जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, आणि ती बॅटरी तुम्हाला रेडिओसाठी हवी असते.

विनाकारण तो स्विच चालू-बंद करत बसू नका, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला अर्थ आहे. वारंवार उघडझाप केली तर ‘अडचणीत आहे, उतरावं लागतंय, पण तातडीची मदत नको’ असा संदेश जातो. रात्री रेडिओ बंद पडला आणि टॉवरनं लाइट गननं, म्हणजे रंगीत झोताच्या दिव्यानं, खूण केली, तर ती मिळाल्याचं कळवायला लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद करायचा. दिवसा त्याच उत्तरासाठी पंख हलवतात. क्रॉस कंट्रीला निघण्याआधी तुमच्या इन्स्ट्रक्टरांना या खुणा एकदा विचारायला लावा आणि तोंडपाठ करून टाका.