माळ्यावर सापडलेली डकटेल्सची कॅसेट एलईडी टीव्हीवर कशी खेळावी?

ऐरोलीत घर आहे, माळ्यावर जुना टीव्ही गेम आणि डकटेल्सची कॅसेट सापडली, पण स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात आणि कधी गेम लागलाच तर त्यातल्या स्क्रूज या नायक बदकाची काठीवरची उडी जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. चौकोनांचं कारण कॅसेटच्या पिना. उडी मात्र दोन कारणांनी फसते: टीव्हीचा उशीर आणि बटणं दाबायची पद्धत.

ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत पिनांवर थर चढतो. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना आणखी गंजतात. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना उभ्या दिशेने पुसा. कापूस काळा यायचा थांबला की दहा मिनिटं वाळू द्या. मग गेम बंद ठेवूनच कॅसेट पाच-सहा वेळा आतबाहेर करा, म्हणजे खाचेतले पत्रेही घासले जातात.

नवा अडॅप्टर घ्यायची वेळ आली तर यंत्रामागचा व्होल्टेज आणि धन-ऋणाची खूण बघूनच घ्या. अशा बऱ्याच यंत्रांना मधली पिन ऋण लागते, बाजारातले बहुतेक अडॅप्टर ती धन देतात. उलटा लागला तर यंत्र जळू शकतं.

टीव्हीला गेमची चित्र-आवाजाची पिवळी-पांढरी वायर लागत नसेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' डबी हवी. 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला तशीच असते पण उलटं काम करते, घेताना छापलेलं नीट वाचा. मग टीव्हीत गेम मोड लावा. हे टाळू नका, कारण एलईडी टीव्ही जुनं चित्र मोठं करण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर स्क्रूज उशिरा हलतो. कोणाकडे पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडून असेल तर तोच वापरा.

आता उडी, कारण १९८९ च्या या कॅपकॉमच्या गेमचा सगळा आनंद तिच्यातच आहे. आधी ए बटण दाबून साधी उडी घ्या. पाय जमिनीवरून सुटल्यावरच खालचा बाण आणि बी एकत्र दाबून धरा. दोन्ही धरून ठेवाल तोवर स्क्रूज काठीवर उसळत राहतो, शत्रूंच्या डोक्यावरून आणि काट्यांवरूनही. गेमच्या रिमोटवर टर्बो बटणं असतील तर ती वापरू नका: टर्बो बी सारखं दाबतं-सोडतं आणि उसळी तुटते. हिमालयाच्या लेव्हलमध्ये मऊ बर्फावर मात्र काठी मारू नका, स्क्रूज त्यात रुततो.

पाच लेव्हल कुठल्याही क्रमाने खेळता येतात, पण आफ्रिकेच्या खाणीची चावी ट्रान्सिल्व्हेनियात मिळते, म्हणून ट्रान्सिल्व्हेनिया आधी करा. हात बसवायला ॲमेझॉनची लेव्हल चांगली. सेव्ह किंवा पासवर्डची सोय नाही, त्यामुळे निवांत रविवार ठेवा. चंद्रावर पोचलात की आवाज वाढवा, त्या लेव्हलचं संगीत आजही अंगावर काटा आणतं. आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल तर यंत्र मोनो आहे, पांढऱ्या वायरीला दोन तोंडांची जोडवायर लावा.

कॅसेट मेलीच असेल तर २०१७ चा 'डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' हा जुन्या गेम्सचा संच घ्या. त्यात हाच मूळ गेम आहे, 'डकटेल्स २' आणि 'चिप अँड डेल'चे दोन्ही भागही, शिवाय चूक झाली की मागे जाता येतं आणि सेव्हही करता येतं.